अश्वशक्तीचा तराजू कुणाच्या हाती?

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्यांनी कधी पाऊल ठेवलेले नाही, त्यांच्याही कानावर ‘हँडिकॅप’ हा शब्द पडलेला असतो. त्यामागची कल्पना मोठी शहाणपणाची आहे. दहा घोडे नुसते एका रांगेत सोडले, तर त्यांतला उत्तम घोडा पुन्हा पुन्हा जिंकेल आणि शर्यतीत काही राम उरणार नाही. म्हणून हँडिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याच्या आजवरच्या कामगिरीवरून त्याचे मानांकन ठरवतो आणि चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतो. जॉकी हलका असेल तर शिशाचे तुकडे भरून वजन पुरे केले जाते. हे वजन आधी छापून येते. मालकाला, जॉकीला आणि पैसे लावणाऱ्याला ते सारखेच ठाऊक असते. या व्यवस्थेवर लोकांचा विश्वास बसायचा, तर एक पथ्य पाळावेच लागते. शिसे वाटणाऱ्याचा स्वतःचा घोडा मैदानात असून चालत नाही.

हे पथ्य आज आठवण्याचे कारण घोडे नाहीत, रणगाडे आहेत. आणि तेही संगणकाच्या पडद्यावरचे. जगभरची लाखो मुले (आणि मुलांचे बापही) रोज संध्याकाळी आंतरजालावर एकत्र जमून रणगाड्यांच्या लढाया खेळतात. त्यांतले दोन खेळ विशेष गाजलेले आहेत. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ हा २०१० साली रशियात सुरू झाला आणि पुढच्या वर्षी जगभर पसरला. त्याची कंपनी वॉरगेमिंग मूळची मिन्स्कची, आता सायप्रसमधली. दुसरा ‘वॉर थंडर’. तो २०१२ साली विमानांपासून सुरू झाला आणि २०१४ मध्ये त्यात रणगाडे उतरले. त्याची कंपनी गायजिन मूळची मॉस्कोची, आता बुडापेस्टहून चालते. दोन्ही खेळांत प्रवेश फुकट आहे. एका बाजूला पंधरा-सोळा खेळाडू, दुसऱ्या बाजूला तितकेच. प्रत्येकाकडे एक रणगाडा, आणि त्या रणगाड्यात एक इंजिन. या इंजिनांना किती जोर द्यायचा, हे बुडापेस्ट किंवा निकोसियामधल्या कचेरीत बसलेली माणसे ठरवतात. माझ्या मते हा आजच्या काळातला एक महत्त्वाचा आर्थिक निर्णय आहे आणि त्याकडे वडीलधाऱ्यांनी ‘मुलांचे खेळ’ म्हणून दुर्लक्ष करणे बरे नव्हे.

मी कादंबऱ्या लिहितो. त्याआधी तीसेक वर्षे बँकेत कर्ज विभागात काम केले. या खेळांशी ओळख झाली ती नववीतल्या नातवामुळे. सुट्टीत तो खेळे आणि मी शेजारी वही घेऊन बसे. पहिल्या दिवशी मी विचारले, “तुझा रणगाडा हरला कशाने? इंजिन कमजोर आहे का?” तो म्हणाला, “आजोबा, इंजिन ठीक आहे. मला ज्यांच्यासमोर टाकलं ते ठीक नाही.” या एका वाक्यात सगळा विषय आला आहे. तो नीट उलगडायचा तर आधी इंजिनापासून सुरुवात केली पाहिजे.

रणगाड्याचे इंजिन किती अश्वशक्तीचे, हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. त्याला रणगाड्याच्या वजनाने भागावे लागते. दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा ‘टायगर’ सुमारे ५७ टनांचा, इंजिन ७०० अश्वशक्तीचे. म्हणजे टनामागे बारा. त्याचा थोरला भाऊ ‘किंग टायगर’ सुमारे ७० टनांचा, पण इंजिन तेच. म्हणजे टनामागे दहा. रशियनांचा ‘टी-३४-८५’ साधारण ३२ टनांचा आणि डिझेल इंजिन ५०० अश्वशक्तीचे, टनामागे साडेपंधरा. कागदावर लहान दिसणारे रशियन इंजिन आपल्या गाड्याला अधिक चपळाईने ओढत होते. पण हा भागाकारही पुरेसा नाही. गिअरबॉक्स कसा आहे, पट्टे किती रुंद आहेत, चिखलात गाडा किती रुततो, जागच्या जागी वळतो की नाही, या सगळ्यांचा हिशेब धरावा लागतो. आपल्या सैन्यातही असलेला ‘टी-७२’ मूळच्या ७८० अश्वशक्तीच्या इंजिनावर पुढे उत्तम धावतो, मात्र मागे येताना ताशी चार-पाच किलोमीटरच्या वर जात नाही. जर्मन ‘लेपर्ड-२’ तीसच्या आसपास वेगाने मागे येतो. टेकडीआडून डोके काढायचे, गोळा टाकायचा आणि पुन्हा आड व्हायचे, हा या खेळांतला रोजचा डाव. त्यात पुढच्या वेगापेक्षा मागचा वेग जीव वाचवतो. जाहिरातीच्या तक्त्यात मात्र ठळक अक्षरांत छापलेली असते ती अश्वशक्ती.

प्रत्यक्ष युद्धाने या आकड्यांची कशी थट्टा केली, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानचे अमेरिकन ‘पॅटन’ पंजाबात खेमकरणच्या बाजूने आत घुसले. पॅटनचे इंजिन ८१० अश्वशक्तीचे, वेग ताशी ४८ किलोमीटरपर्यंत. त्याच्यासमोर आपले ब्रिटिश बनावटीचे ‘सेंच्युरियन’. पन्नास टनांच्या वर वजन, इंजिन ६५० अश्वशक्तीचे, वेग पस्तिशीच्या आत. शिवाय सोबतीला दुसऱ्या महायुद्धातले जुने ‘शर्मन’. कागदावर तुलना करणाऱ्याने पॅटनच्या बाजूने कौल दिला असता. पण असल उत्तरच्या परिसरात आपल्या सैन्याने कालव्याचे पाणी शेतांत सोडले होते. उसाच्या उभ्या पिकात आणि त्या चिखलात पॅटनचा वेग निकामी झाला, आणि दबा धरून बसलेल्या तोफांपुढे ते एकामागून एक बळी पडले. त्याच महिन्यात सियालकोटच्या आघाडीवर मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल तारापोर पूना हॉर्सचे सेंच्युरियन घेऊन लढत होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जमीन, पाणी, पीक, माणूस आणि त्याची तयारी यांनी अश्वशक्तीचा फरक पुसून टाकला. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जुन्या रणगाड्यांच्या रांगेतून चालताना प्रत्येक गाड्याचे वजन आणि इंजिन वाचावे, आणि मग त्याने प्रत्यक्षात काय केले ते आठवावे. दोन्हींचा मेळ क्वचितच बसतो.

युद्धात समतोल कशाने साधला जाई? संख्येने, दुरुस्तीने आणि इंधनाने. टायगर जेमतेम साडेतेराशे बनले. शर्मन ४९ हजारांच्या घरात बनले आणि टी-३४ त्याहूनही अधिक. टायगरच्या इंजिनावर इतका ताण येई की पुढे त्याच्या फेऱ्यांवर मर्यादा घालावी लागली. ‘पँथर’ची ताकद चाकांपर्यंत पोचवणारे शेवटचे दातेरी चक्र वारंवार मोडे. जर्मन गाडे अनेकदा शत्रूच्या गोळ्याने मेले नाहीत. ते बिघडून किंवा तेल संपून रस्त्याच्या कडेला सोडून द्यावे लागले. इतिहासाचा हँडिकॅपर असा निर्दय होता.

खेळात हे सारे गाळावे लागते, कारण दहा मिनिटांच्या लढाईसाठी बसलेल्या मुलाला ‘तुझे दातेरी चक्र मोडले, आता वर्कशॉपची गाडी येईपर्यंत थांब’ असे सांगता येत नाही. खेळातला पँथर वाटेत बंद पडत नाही. टायगरला पेट्रोलची चिंता नाही. आणि एका टायगरसमोर दहा शर्मन उभे करता येत नाहीत, कारण ते दहा शर्मन चालवायला दहा माणसे लागतात आणि हरण्यासाठी कुणी खेळायला बसत नाही. म्हणजे निर्मात्यांनी इंजिनाचा जोर ठेवला आणि त्या जोराची किंमत काढून टाकली. मग ती किंमत दुसरीकडे कुठे तरी वसूल करणे आलेच. समतोलाचा प्रश्न इथे जन्माला येतो. तो सोडवण्याच्या दोन परंपरा आहेत.

पहिली परंपरा ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ची. तिथे इतिहासाचा आधार घेतात, पण आकड्यांना वाकवायला कचरत नाहीत. गंमत अशी की तिथे अश्वशक्तीला हात न लावताही गाडा जड करता येतो. प्रत्येक रणगाड्याला कठीण, मध्यम आणि मऊ अशा तीन प्रकारच्या जमिनींसाठी विरोधाचा वेगवेगळा आकडा दिलेला असतो. हा आकडा वाढवला की तेच इंजिन दमल्यासारखे वागते. कमी केला की त्याला पंख फुटतात. जिज्ञासू खेळाडूंनी खेळाच्या फायली उकलून या आकड्यांचे तक्ते मांडले आहेत. घोड्याच्या पाठीवरचे शिसे इथे घोड्याच्या वाटेत पेरले आहे, एवढाच फरक.

दुसरी परंपरा ‘वॉर थंडर’ची. तिथे म्हणतात, गाड्याचे आकडे शक्यतो कागदपत्रांनुसारच ठेवू. बदलायचा तो सामना. प्रत्येक गाड्याला ‘बॅटल रेटिंग’ नावाचे मानांकन असते. ते १.० पासून सुरू होऊन १.३, १.७, २.० अशा पायऱ्यांनी वर जाते. एका लढतीत साधारण एका अंकाच्या अंतरातले गाडे समोरासमोर येतात. त्या गाड्याने खेळाडूंच्या हाती सरासरी किती चांगली कामगिरी केली, यावरून त्याचे मानांकन वरखाली होते. म्हणजे इंजिन तेच, पण उद्यापासून त्याला अधिक बलवान शत्रूंसमोर उभे राहावे लागेल. नातू म्हणाला होता ते हेच.

माझ्यासारख्या बँकवाल्याला दुसरी पद्धत ऐकताच ओळखीची वाटली. १९८८ साली बासेलच्या समितीने जगातल्या बँकांसाठी भांडवलाचा नियम केला. प्रत्येक कर्जाला जोखमीचे वजन द्यायचे आणि त्या वजनानुसार शंभराला आठ या हिशेबाने भांडवल बाजूला ठेवायचे. सरकारी रोख्याला वजन शून्य, घरकर्जाला पन्नास, कंपनीच्या कर्जाला शंभर. आपल्याकडे नरसिंहम् समितीनंतर १९९२ पासून हे वारे आले. हेतू चांगला होता. पण वजन ठरताच बँकांचे पैसे तिकडे वाहू लागले जिथे खरी जोखीम मोठी आणि कागदावरचे वजन लहान. खेळाडू अगदी हेच करतात. कोणत्या गाड्याचे मानांकन त्याच्या इंजिनाच्या आणि तोफेच्या मानाने खाली राहिले आहे, हे आठवड्याभरात सगळ्यांना कळते आणि त्या गाड्यांची झुंबड उडते. बँक ऑफ इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये सांगितलेले सूत्र आता त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मोजमापाला एकदा लक्ष्य केले की ते मोजमाप म्हणून कामाचे राहत नाही, असा त्याचा मथितार्थ.

दुसरी अडचण सरासरीची. शाखेचा नफा पाहून मॅनेजरची पारख करणे किती फसवे असते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले. बाजारपेठेतल्या शाखेत बसलेला सामान्य अधिकारी चमकतो आणि दुष्काळी तालुक्यात घाम गाळणारा मागे पडतो. गाड्याच्या सरासरीतही यंत्र आणि माणूस एकत्र मिसळलेले असतात. चालवायला अवघड, पण अव्वल खेळाडूंचा आवडता असा एखादा गाडा घ्या. त्याची सरासरी चांगली दिसते, मानांकन वर जाते आणि सामान्य खेळाडूच्या हाती तो निरुपयोगी ठरतो. उलट एखादा बलवान गाडा पैसे मोजून विकत मिळतो. तो घेणारे बरेचसे नवखे असतात. ते भराभर मरतात, सरासरी खाली येते, आणि बलवान गाडा ‘कमजोर’ म्हणून खालच्या मानांकनात राहू शकतो. यात कुणी कपट केलेच पाहिजे असे नाही. आकडा आपोआप तसा बोलतो. मात्र असा बोलणारा आकडा विकणाऱ्याच्या फायद्याचा असेल, तर तो दुरुस्त करण्याची घाई त्याला किती असणार?

इथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. हे खेळ फुकट आहेत, मग कंपन्या जगतात कशावर? त्या मुख्यतः वेळ आणि अश्वशक्ती विकतात. नवा रणगाडा मिळाला की तो पुऱ्या ताकदीचा नसतो. एका खेळात सुरुवातीला कमी प्रतीचे इंजिन असते आणि चांगले इंजिन संशोधन करून मिळवावे लागते. दुसऱ्यात इंजिन, गिअरबॉक्स, पट्टे, फिल्टर यांच्या सुधारणा एकेक करून कमवाव्या लागतात. तोवर शेकडो लढाया अर्ध्या जोराने लढायच्या. ते नको असेल तर खऱ्या पैशांनी खेळातले सोने किंवा ‘सोनेरी गरुड’ विकत घेऊन वाट आखूड करता येते. मी कर्जाचे हप्ते पुष्कळ बांधून दिले. इंजिनाचा जोर हप्त्याने देण्याची ही योजना पाहून मात्र थक्क झालो. आधी मुद्दाम लंगडे करायचे आणि मग कुबडी विकायची. व्यापार म्हणून यात बेकायदा काही नाही. पण कुबडीचा विक्रेताच धावण्याच्या शर्यतीचा पंच असेल, तर धावणाऱ्याने काय समजावे?

हँडिकॅपर, घोड्याचा मालक आणि तिकीट विकणारा अशा तिन्ही खुर्च्यांवर एकच जण बसला आहे. मोटारींच्या शर्यतीत असे चालत नाही. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना वजन आणि इंजिनशक्तीची बंधने घालून समपातळीवर आणतात. २०२३ मध्ये शर्यतीच्या थोडेच दिवस आधी टोयोटावर ३७ किलो आणि फेरारीवर २४ किलो जादा वजन टाकले गेले. टोयोटाने नाराजी लपवली नाही. फेरारी जिंकली. वाद झाला, पण किलो किती हे सगळ्यांसमोर होते आणि वजन टाकणाऱ्यांची स्वतःची गाडी त्या शर्यतीत नव्हती.

खेळाडू हे मुकाट्याने सोसतात असेही नाही. मे २०२३ मध्ये ‘वॉर थंडर’ने खेळातल्या कमाई-खर्चाचे गणित बदलू पाहिले, तेव्हा हजारो खेळाडूंनी विक्रीच्या संकेतस्थळावर प्रतिकूल अभिप्रायांचा पाऊस पाडला. कंपनीला बदल मागे घ्यावे लागले आणि सुधारणांचा आराखडा जाहीर करावा लागला. संप, बहिष्कार आणि वाटाघाटी यांची ही नवी शाळा आहे, असे मला वाटले. कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मानांकनातले प्रस्तावित बदल ती आधी जाहीर करते आणि त्यांवर मते मागवते. आकड्यांविषयी तक्रार करायची तर पुरावा म्हणून कागदपत्रे द्या, असेही सांगते. या शेवटच्या नियमाचा जो परिणाम झाला, तो कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापला असता. २०२१ मध्ये एका खेळाडूने ब्रिटनच्या ‘चॅलेंजर-२’चे खेळातले रूप चुकीचे आहे हे सिद्ध करण्यासाठी सैन्याच्या गोपनीय पुस्तिकेतली पाने खेळाडूंच्या चर्चेत टाकली. त्याच वर्षी फ्रान्सच्या ‘लेक्लेर्क’ची, पुढच्या वर्षी चिनी रणगाड्याच्या गोळ्याची कागदपत्रे अशीच बाहेर आली. कंपनीने ती काढून टाकली. पण खेळातल्या गाड्याला न्याय मिळावा म्हणून देशाचे गुपित उघडे करायला माणसे तयार झाली, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या तराजूवर भरवसा उरत नाही, त्याच्यापुढे लोक काहीही आणून ठेवतात.

आपल्या देशापुरते बोलायचे तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे, आणि ज्यांची घरे त्यापायी बुडाली त्यांच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. रणगाड्यांच्या खेळात मात्र कुणी पैसे जिंकत नाही. फक्त खर्च करतो. त्यामुळे जुगाराच्या चष्म्यातून पाहिले तर इथे काहीच दिसत नाही. ग्राहकाच्या चष्म्यातून पाहिले तर पुष्कळ दिसते. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या युक्त्यांची यादी काढली. एक दाखवून दुसरेच गळ्यात मारणे, ही तिच्यातली एक. हजार-दोन हजार रुपयांना विकलेला गाडा सहा महिन्यांनी जमिनीचा विरोध वाढवून किंवा मानांकन चढवून कमजोर केला, तर ती समतोलाची गरज की विकलेल्या मालात फेरफार? याचे उत्तर प्रत्येक वेळी वेगळे असेल. पण प्रश्न विचारायची जागा तरी असली पाहिजे.

इंजिने सारखी करा, अशी मागणी मी करणार नाही. सगळे गाडे सारखे झाले तर खेळात टायगर कशाला आणि टी-३४ कशाला? विषमतेतच या खेळाची गोडी आहे. मागणी तीन साध्या गोष्टींची आहे. गाड्याच्या चालीवर परिणाम करणारा प्रत्येक आकडा, जमिनीच्या विरोधासह, विकण्याआधी तक्त्यात ठळक छापावा. सरासरी जाहीर करताना नवखे आणि मुरलेले यांचे हिशेब वेगळे दाखवावेत. आणि पैसे घेऊन विकलेला गाडा कमजोर केला, तर खेळाडूला तो परत करून मोबदला मागण्याचा हक्क असावा. बँकेत व्याजदर बदलला तर आम्ही खातेदाराला कळवत असू. त्यात उपकार नव्हते, तो करार होता.

नातवाला मी एवढेच सांगितले, की हरलास तर इंजिनाला शिव्या देऊ नकोस, स्वतःलाही देऊ नकोस. आधी वजन कुणी टाकले ते बघ. तो आता प्रत्येक बदलाची यादी वाचतो आणि आकड्यांचा तक्ता ठेवतो. त्याच्या पिढीच्या वाट्याला पुढे असे अनेक तराजू येणार आहेत. कर्ज मंजूर करणारी गणिते, नोकरीचे अर्ज चाळणारी यंत्रे, डिलिव्हरीवाल्या पोराला किती गुण द्यायचे ते ठरवणारी ॲप्स. प्रत्येक ठिकाणी कुणी तरी न दिसणारा माणूस कुणाच्या तरी पाठीवर शिसे ठेवत असेल. ते शिसे मोजून पाहायची सवय रणगाड्यांच्या खेळातून लागत असेल, तर सुट्टीतले ते तास वाया गेले असे मी म्हणणार नाही.